पुंजारामाची बिनमाणसाची गाडी

हिंगणमाळात भिण्यासारखं पुष्कळ होतं, पण भिणारा एकच होता, पुंजाराम सातपुते. विहिरीत डोकवायचं झालं तर तो काठावर पालथा पडून डोकं पुढं करी. एस.टी. पूर्ण थांबून कंडक्टर खाली उतरल्याशिवाय चढत नसे, आणि त्यामुळे ती बऱ्याचदा त्याला न घेताच जाई. लग्नकार्यात फटाके उडायला लागले की देवळामागं जाऊन उभा राही. स्वतःच्या लग्नातही गेला होता. काही वेळ मांडवात नवरी होती आणि नवरदेव नव्हता. झुंबरबाईला, म्हणजे त्या नवरीला, आपण कुणाच्या पदरी पडतोय हे अक्षता पडायच्या आधीच कळलं.

गाव त्याला हसे. हसण्याचा हक्क मात्र गावाला कितपत होता, हा वेगळा प्रश्न आहे.

गावाच्या उगवतीला तोफांच्या सरावाचं मैदान होतं. गाव त्याला रेंज म्हणे. तांबडं निशाण वर चढलं की तोफा सुरू होत, मडक्यांवरची झाकणं थरथरत, म्हशी पान्हा चोरत. निशाण खाली आलं की गावातले काही जण विळे आणि पोती घेऊन आत शिरत. आत जाण्यास सक्त मनाई आहे, अशी मोठी पाटी होती. ज्यांना वाचता येत नव्हतं ते पाटीकडं बघत नसत, आणि ज्यांना येत होतं ते बाहेर येताना वाचत. आत गवत होतं, आणि फुटलेल्या गोळ्यांचं पितळ, शिसं, लोखंड होतं. भंगारवाला ते काही न विचारता घेई.

काही गोळे मात्र पडत आणि फुटत नसत. गाव त्यांना मुके गोळे म्हणे. मुका गोळा मेलेला आहे की नुसता गप्प आहे, हे ओळखायची हिंगणमाळची एक रीत होती. माणूस मेल्यावर दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की आत्मा सुटला, मागं काही राहिलं नाही, असं आपण धरतो. गावानं तोच न्याय गोळ्याला लावला. दिसलेल्या मुक्या गोळ्यावर लांबून भाकरीचा तुकडा फेकायचा आणि बांधावर बसून राहायचं. कावळा येऊन गोळ्यावर बसला, की गोळा सुटला. मग उचलायला हरकत नाही. माणसांच्या बाबतीत ही रीत इतकी वर्षं चालली होती की गोळ्यांच्या बाबतीत ती चुकेल, असं कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं.

पुंजारामाचा थोरला भाऊ राधाकृष्ण असाच एक सुटलेला गोळा खांद्यावर घेऊन निघाला होता. त्याच्या दहाव्याला कावळ्याला शिवायला पिंड होता, बाकी फारसं काही हाती लागलेलं नव्हतं. गावात चार दिवस चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की त्या गोळ्यावर बसला तो कावळा नव्हता, डोमकावळा होता. रीत वाचली, राधाकृष्ण गेला.

तेव्हापासून पुंजाराम रेंजकडं तोंड करून जेवतही नसे.

कानिफनाथ मात्र रोज आत जाई. हा शेजारचा गडी, पुंजारामाच्या वयाचा, हसरा, उजव्या हाताची दोन बोटं रेंजमधे ठेवून आलेला. बोटांबद्दल त्याची कुणाविरुद्ध तक्रार नव्हती. "चूक माझी," तो म्हणे, "कावळा शिवायच्या आदीच उचलला."

अशात बहात्तर साल आलं. त्या सालाबद्दल नगर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पुंजाराम आणि झुंबरबाई दोघं दुष्काळी कामावर खडी फोडत, रेशनची तांबडी मिलो ज्वारी खात. विहिरीत दगड दिसत होते. दोन बैलांपैकी एक जनावरांच्या छावणीत गेला तो गेलाच. दुसरा, मोऱ्या, दावणीला उभा होता, आणि उठताना त्याला शेपटीकडून हात द्यावा लागत होता.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी झुंबरबाई विळ्याला धार लावत बसली.

"उद्यापास्नं मी कानिफभावजींबरं आत जानार," ती म्हणाली.

"आत म्हंजी?"

"आत म्हंजी आत. बैल हितं उपाशी मरतोय, आन् तिकडं गवत उभ्या उभ्या वाळतंय."

"छावनीत घालू त्येला."

"छावनीतनं पयला आला का माघारी?"

पुंजारामानं मोऱ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "राधाकिसन कसा गेला, ठावं हाय ना तुला?"

"ठावं हाय. थोरल्या भावजींनी गोळा उचलला हुता. मी काय गोळा उचलाया न्हाई चालले. मी गवत कापनार."

"अगं, गवताखाली काय हाय ते गवत कापल्यावर कळतं, झुंबरे."

"मग तुमी चला म्होरं, आन् सांगा मला काय हाय ते."

पुंजाराम उठला आणि त्यानं रेंजकडचं दार लावून घेतलं. ते तिनं पाहिलं. झुंबरबाई बोलण्यात कडक होती, पण डोळ्यांनी आंधळी नव्हती. पुढल्या बाजाराच्या दिवसापर्यंत थांबते, एवढं तिनं कबूल केलं. त्यानंतर बैल किंवा आपण, जे व्हायचं ते होवो.

त्या दिवसांत पुंजारामाला जेवण गेलं नाही. डोळे मिटले की झुंबरबाई गवतात वाकलेली दिसे, आणि पुढं काय होतं ते बघायच्या आत तो उठून बसे. उठवत नसलेला बैल आणि ऐकत नसलेली बायको यांच्या मधे तो खडी फोडत राहिला.

योसेफ भिंगारदिवे हा गावचा सुतार. मिशनच्या शाळेत रंधा शिकलेला, आणि वाचणारा. नगरहून तो रद्दी आणी. त्या रद्दीत रशियाचं एक गुळगुळीत कागदाचं मराठी मासिक असे, आणि त्या कागदाला तोड नव्हती. देव न मानणाऱ्या देशाच्या मासिकाचं कव्हर योसेफनं आपल्या पवित्र शास्त्राला घातलं होतं. दोघांपैकी कुणाचीच त्याबद्दल तक्रार आली नव्हती. पुंजाराम विळ्याची मूठ बसवून घ्यायला गेला, तेव्हा त्याची नजर त्या कव्हरवर पडली.

"मिस्तरी, ही आपली रेंज हाय का?"

"कुठली रेंज? चंद्र आहे तो."

चित्रात वाळूच्या लाटा होत्या, मधे मधे खडक, आणि गोल गोल खड्डे. झाड नाही, माणूस नाही. पुंजारामाला त्यात अनोळखी असं काही दिसलं नाही. वाळूवर एक यंत्र उभं होतं. हंड्यासारखं पोट, वर उघडं झाकण, पुढं खेकड्यासारखे दोन डोळे, आणि खाली चाकं.

"ही गाडी," योसेफ म्हणाला. "लुनोखोद नाव तिचं. रशियानं सोडली चंद्रावर."

"मधी कोन बसलंय?"

"कुणी नाही."

"मंग हाकतंय कोन?"

"पाच जण आहेत. ते हिकडं रशियात खोलीत बसून हाकतात."

"खोलीत?"

"खोलीत. खुर्चीवर."

पुंजारामानं विळा खाली ठेवला. आत कुणी बसलेलं नाही, हे त्यानं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मग योसेफनं कव्हर काढून मजकूर वाचून दाखवला. गाडीच्या डोळ्यांना दिसतं त्याचं चित्र रशियात पोचायला वेळ लागतो. म्हणजे खोलीतल्या माणसाला खड्डा दिसतो, तोवर गाडी खड्ड्यापाशी आलेली असते. म्हणून ते थोडं चालवतात, थांबतात, बघतात, पुन्हा थोडं चालवतात. पुंजारामाला हे फार पटलं. तो स्वतः सगळं आयुष्य असाच चालत आला होता, आणि गाव त्याला हसत होतं. रशियानं तेच केलं तर त्याचं मासिक निघतं.

"आन् ही गाडी गेली कुटं आता?"

"मेली. तिथली रात्र आपल्या पंधरा दिवसांएवढी. थंडीत झाकण लावून झोपायची, सूर्य आला की उठायची. एका रात्रीनंतर उठलीच नाही. आता दुसरी धाडलीय म्हणे."

"मेल्यावर रडलं कोन?"

योसेफनं कागद उलटा करून बघितला. "रडल्याचं काही लिहिलेलं नाही."

पुंजाराम बराच वेळ त्या चित्राकडं बघत बसला. योसेफच्या म्हणण्याप्रमाणे, भावाच्या मरणानंतर त्याच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झालेला पहिल्यांदाच दिसला.

घरी येऊन त्यानं झुंबरबाईला सगळं सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "चांदावर गवत हाय का?"

"न्हाई."

"मग कशाला धाडली गाडी?"

हा प्रश्न रशियातही कुणी विचारला असेल. उत्तर मासिकात नव्हतं.

रेंजची एक जीभ गावाकडं आलेली होती. ही जमीन एके काळी सातपुत्यांचीच. तिच्या एका अंगाला नाला आणि दुसऱ्या अंगाला दगडी बांध. नाल्यात बायका रोज वाळू उकरून झऱ्याचं पाणी भरत, आणि बांधावरून रोज माणसं खडी फोडायला जात. म्हणजे दोन्ही कडा पायाखालच्या होत्या. मधली पट्टी कुणाच्या पायाखालची नव्हती, म्हणून तिच्यावर पवन्या आणि मारवेल गवत गुडघाभर उभं होतं. नाला आणि बांध खालच्या बाजूला रस्त्याच्या फरशीपाशी, म्हणजे ठेंगण्या पुलापाशी, एकत्र येत. पण तिथवर जाऊन परत यायचं म्हणजे मोठा वळसा होता.

पुंजारामाचा विचार असा होता. गाडीला दोन्हीकडून दोर बांधायचे. बांधावरून त्यानं ओढायची, मग नाल्यातून झुंबरबाईनं ओढून न्यायची, पुन्हा त्यानं. औतानं तास घालावं तशी गाडी पट्टीवरून इकडून तिकडं फिरेल. जिथून ती धड गेली तिथलं गवत कापायचं. जिथं धड गेली नाही, तिथं ती मरेल. आणि तिच्यासाठी कुणी रडणार नाही.

दोर फुकट मिळाले. विहिरी कोरड्या पडल्यामुळे मोटेचे नाडे गावभर खुंट्यांना लटकत होते. गाडी योसेफनं केली. त्याच्या मते चार चाकं पुष्कळ होती.

"चित्रात आठ हायेत," पुंजाराम म्हणाला.

"त्यांना चंद्रावर जायचं होतं."

"त्यांनी इचार करूनच लावली असतील."

वाळलेल्या बाभळीचे आठ तुकडे कापून चाकं झाली. वर फळ्यांची पेटी. त्यात दगड भरायचे. किती भरायचे, यावर पुंजारामानं सर्वांत जास्त डोकं लावलं. गाडी नाल्यातल्या वाळूत उभी केली आणि झुंबरबाईला वर चढवलं.

"मला तोलता व्हय?" ती म्हणाली.

"नीट उभी ऱ्हा. हलू नगंस."

चाकं वाळूत किती रुतली तिथं त्यानं कोळशानं खूण केली. मग तिला उतरवलं आणि खुणेच्या वर वाळू येईपर्यंत दगड भरत गेला. पेटी भरली, तर वर रचले. कानिफनाथ बघायला आला होता.

"पुंजा, वैनी एवढ्या जड न्हाईत रं."

"कावळ्याचं वजन किती, कानिफा?"

"कावळ्याचं? आसंल पावशेर-दीडपाव."

"आन् हिचं किती?"

कानिफनाथ हसला. प्रश्नाचा अर्थ त्याच्यापर्यंत पोचला नाही, किंवा पोचून त्यानं तो वाटेतच सोडून दिला. ज्याच्या हाताला तीन बोटं उरलीत त्यानं हे गणित मनावर घेतलं, तर उरलेल्या आयुष्यात करायचं काय?

बाजाराच्या आदल्या दिवशी निशाण उतरल्यावर पहिली खेप झाली. दोर पट्टीवरून आडवा नेण्यासाठी झुंबरबाई तो हातात धरून फरशीच्या वळशानं नाल्यात गेली. पुंजाराम बांधामागं पालथा पडला, दोर दोन दगडांच्या मधून घेतला आणि त्याच फटीतून बघू लागला. वाऱ्यात आवाज पोचत नसे, म्हणून खूण ठरली होती. तिनं गवताची पाटी डोक्यावर धरली म्हणजे ओढा. पाटी खाली, म्हणजे थांबा.

गाडी हलली. गवत तिच्यापुढं झुकलं आणि चाकांखाली गेलं. हातभर ओढायचं, थांबायचं, बघायचं. प्रत्येक ओढीला पुंजाराम डोळे मिटी, आणि दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून तोंडात उपरण्याचा बोळा धरी. चाक दगडावरून खाली आलं की खडकन आवाज होई. मग काहीच होत नसे. काहीच न होणं इतकं भयानक असू शकतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

गाडी बांधाला लागली. मागं गवतात एक चाकोरी पडली होती. झुंबरबाई विळा घेऊन नाल्याच्या बाजूनं त्या चाकोरीत शिरली.

"मी कापतो," असं पुंजारामानं आदल्या दिवशी म्हणून बघितलं होतं. "तुमी थरथरता," ती म्हणाली होती, "इळा पायावर माराल." ते खरंही होतं. त्यामुळे तो बांधामागं, ती चाकोरीत, अशी कामाची वाटणी झाली आणि तीच राहिली.

त्या संध्याकाळी मोऱ्यानं गवत खाल्लं. पुढल्या आठवड्यात तो आपला आपण उठला.

गावानं गाडीला चंद्रगाडी नाव दिलं. आधी हसायला माणसं येत, मग बघायला येऊ लागली. काही दिवसांनी आपल्याही बैलांसाठी एखादी पेंढी मिळेल का, असं विचारायला येऊ लागली. गाडी रोज थोडी पुढं सरकत होती. पट्टीचा अर्धा भाग कापून झाला. पुंजारामाला वाटलं होतं की रोजच्या सवयीनं भीती कमी होईल. उलट ती वाढत गेली. काल गोळा निघाला नाही, परवा निघाला नाही, म्हणजे तो पुढं आहे. जेवढी पट्टी कमी उरे, तेवढ्या जागेत त्याची सगळी भीती दाटीवाटीनं येऊन बसे.

"आता बास करू," तो म्हणाला.

"पानी पडंस्तोवर बैल काय खानार? तुमचा चांद?"

चैत्रातल्या एका दुपारी वारं सुटलं होतं. रेंजवर धुळीच्या वावटळी फिरत होत्या. गाडी पट्टीच्या मध्याच्या थोडी अलीकडं, बांधाच्या बाजूला, येऊन अडकली. पुंजारामानं ओढली, हलली नाही. झुंबरबाईनं मागं ओढून बघितली, हलली नाही. पुढचं चाक कशाला तरी टेकलं होतं. दगड असेल. गवतात दिसत नव्हतं. दोर दोन्हीकडं ढिले पडले आणि गाडी तिथं उभी राहिली.

असं आधीही झालं होतं. आधी त्यांनी वाट बघून, दोर बाजूला घेऊन, तिरकी ओढून काढली होती. या वेळी मात्र नाल्याच्या काठावर झुंबरबाईजवळ कानिफनाथ उभा होता. आणि या वेळी कावळा आला.

तो कुठून आला हे पुंजारामानं पाहिलं नाही. फटीतून त्याला एवढं दिसलं की गाडीवरच्या सर्वांत वरच्या दगडावर कावळा बसलाय. इकडं तिकडं मान वळवून तो खाली उतरला, पुढच्या चाकापाशी गवतात गेला, काहीतरी टोचून पुन्हा वर आला आणि उडाला. त्याच वेळी समोरच्या काठावर कानिफनाथाचा तीन बोटांचा हात वर गेला. तो काहीतरी ओरडत होता, हसत होता. शब्द ऐकू येत नव्हते. ते ऐकण्याची गरजही नव्हती. हिंगणमाळात जन्मलेल्या माणसाला ते पाठ होते. वैनी, शिवला! जावा आता, कायबी न्हाई.

झुंबरबाईनं पाटी खाली ठेवली आणि ती चाकोरीतून गाडीकडं निघाली.

पाटी खाली म्हणजे थांबा. पुंजाराम थांबला. ती खूण नसून तिनं खरोखरच पाटी ठेवलीय, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. तोवर ती पट्टीत बरीच आत आली होती.

तो ओरडला. वारं आडवं होतं, आवाज वाटेतच उडून गेला. त्यानं हात हलवले. ती खाली बघून चालत होती, पायापुढचं बघत, जसं त्यानंच तिला शिकवलं होतं. गाडीपाशी पोचल्यावर ती काय करणार हेही त्याला माहीत होतं. खांदा लावून चाक उचलणार. पेटीतले दगड कमी करायचे हे तिला सुचणार नाही, कारण तिला कुठलंही ओझं जड वाटत नाही.

पुंजारामानं आयुष्यात फार थोड्या गोष्टी घाईनं केल्या होत्या. त्यानं दोर मनगटाला गुंडाळला. आता ओढलं आणि खाली गोळा असला, तर तो आता फुटेल, ती इतकी लांब असताना. ओढलं नाही तर ती जवळ येऊन स्वतः फोडेल. खाली दगड असला तर प्रश्नच नव्हता. पण खाली दगड आहे असं धरून चालणाऱ्यांची नावं त्याला पाठ होती. ती आणखी एक पाऊल पुढं आली. ती किती लांब आहे हे बघायचं तर फटीतून नीट दिसत नव्हतं. डोकं बांधाच्या वर काढणं भाग होतं. त्यानं ते काढलं, पाय दगडाला लावले आणि सगळ्या अंगानं ओढलं.

झुंबरबाईनं पुढं सांगितलं ते असं. गवतात पडलेला दोर एकदम जमिनीवरून उठला आणि तारेसारखा ताठ झाला. तिनं मान वर केली. बांधावर नवऱ्याचं डोकं दिसत होतं. या माणसाचं डोकं बांधाच्या वर तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. तेवढं पुरे होतं. शेजारी जुन्या गोळ्याचा खड्डा होता. तिनं त्यात अंग टाकलं.

आवाज गावानं ऐकला. निशाण खाली असताना आवाज झाला, म्हणून बायका घराबाहेर आल्या. बांधावरचे दगड सुटले आणि पुंजाराम त्यांच्याबरोबर मागं पडला. वर बघितलं तेव्हा धुळीचा एक खांब उभा होता आणि त्यातून बाभळीच्या ढलप्या खाली येत होत्या, सावकाश, जणू त्यांना कुठं पोचायचं नव्हतं. दोराचं टोक त्याच्या मनगटाला होतं. दुसरं टोक कशालाच नव्हतं.

धूळ बसायला लागली. गाडीच्या जागी खड्डा होता. झुंबरबाई दिसत नव्हती.

त्याच्यासमोर आदल्या खेपेची कापलेली चाकोरी होती, आजच्या वाटेला लागूनच. त्याच्याच गाडीनं तपासलेली, सरळ, तिच्यापर्यंत जाणारी. मधला नवा खड्डा वळसा घालून ओलांडला की झालं. पुंजारामानं चाकोरीकडं बघितलं. तो बांधावरून उतरला आणि फरशीच्या दिशेनं पळत सुटला. सगळा बांध पळत गेला, फरशीवरून वळला, नाल्याच्या वाळूतून पाय ओढत वर आला. पळताना तो पट्टीकडं बघत नव्हता. बघितलं आणि काही हलताना दिसलं नाही, तर पुढं पाय उचलणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.

नाल्याच्या काठावर कानिफनाथ मातीत बसला होता. त्याचं तोंड उघडं होतं, आणि त्यात हसू तसंच राहून गेलं होतं, वाळत घातलेल्या धोतरासारखं. तो फक्त म्हणत होता, "शिवला हुता रं. म्या बगितला."

खड्ड्यातून झुंबरबाईचं डोकं वर आलं. तोंड मातीनं पांढरं झालं होतं. एका कानातून रक्ताची रेघ उतरली होती. उठायला गेली आणि पुन्हा बसली. टाचेत काहीतरी घुसलं होतं.

"हलू नगंस!" पुंजाराम ओरडला. "तितंच ऱ्हा!"

"काय म्हनता?"

"हलू नगंस!"

"मला ऐकू येत न्हाई! तुमी हिकडनं कसं आलात?"

पुंजाराम नाल्याच्या काठावरून चाकोरीत उतरला. त्या पट्टीत त्यानं टाकलेलं हे पहिलं पाऊल. तिच्या अनवाण्या पावलांचे ठसे धुळीत उमटलेले होते. त्या ठशांवरच तो पाय ठेवत होता, टाचेवर टाच, बोटांवर बोटं. ठसा लहान पडे तिथं चवडा उचलून धरी. झुंबरबाई खड्ड्यातून ते बघत होती.

तो पोचला, खाली बसला, त्यानं तिला हात लावून बघितलं. त्यानं तिचा हात खांद्यावर घेतला आणि त्याच ठशांवरून परत निघाला. ती एका पायावर आणि तो चवड्यांवर, अशी दोघं जण इतक्या हळू चालली होती की काठावर जमलेल्या माणसांना वाटलं, दोघंही जागच्या जागी उभी आहेत. कुणी पुढं गेलं नाही. त्या दिवशी सगळं गाव पुंजारामाएवढं शहाणं झालं होतं. चार-दोन दिवस राहिलं.

नगरच्या इस्पितळात टाचेतला तुकडा काढला. कान गेला तो गेला. रेंजच्या कडेला पहारा बसला, पट्टी बंद झाली, उरलेलं गवत उभं वाळलं. शेवटी मोऱ्याही छावणीत गेला. तिथं उसाचं वाढं खाऊन जगला, आणि पाऊस पडल्यावर थोडाफार औताला चालला. योसेफनं नवी गाडी करून देतो म्हटलं. पुंजारामानं नको म्हणून सांगितलं. गावात पुन्हा चर्चा झाली, आणि कानिफनाथानं ती मिटवली. कावळा गाडीवरच्या दगडाला शिवला होता, गोळ्याला नाही. खाली उतरून त्यानं टोचला तो किडा असणार. यावर कुणाचं दुमत झालं नाही. रेंजच्या दुसऱ्या अंगाला पुन्हा भाकरीचे तुकडे पडू लागले.

पुंजाराम आणि झुंबरबाई यांचा वाद मात्र मिटला नाही. पाहुणे आले की ती मुद्दाम तो विषय काढते. ऐकू कमी येत असल्यामुळे मोठ्यानं बोलते, आणि ते पाटावर बसलेल्या माणसापासून गल्लीपर्यंत सगळ्यांना पोचतं.

"बाईल तिकडं पडली, आन् हा बाबा फरशीवरनं आला! सरळ चाकोरी हुती. त्याच चाकोरीतनं मला गवताला धाडत हुता रोज. आन् स्वताला जायची येळ आली, तवा वळसा!"

पाहुणे हसतात. पुंजाराम हसत नाही. खोटं आहे असंही म्हणत नाही.

एकदा एका पाहुण्यानं त्याला सरळच विचारलं, "गाडीनं वाट साफ केली होती, मग भ्यायचं कारण काय होतं?"

पुंजारामानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "गाडी यकदा गेलती त्या वाटंनं," तो म्हणाला. "ही रोज जायची. मी रोज बांधाआडनं हिचं येक येक पाऊल बगायचो. मला त्या वाटंचं समदं भ्या म्हाईत हुतं, पाव्हनं. हिला काईच म्हाईत न्हवतं."

"काय म्हनतात?" झुंबरबाईनं विचारलं.

पाहुण्यानं सांगितलं नाही.